निकटछायाचित्रण, वन्यजीवांचे

वन्य प्राण्याचा डोळा, पाऊल अशा एखाद्याच अवयवाचे मोठ्या आकारात केलेले छायाचित्रण. मुक्त प्राण्याजवळ जाणे धोक्याचे व त्याला त्रासदायक असल्याने ते लांब केंद्रांतराच्या भिंगाने दुरूनच करतात. गोंदिया व भंडारा जिल्ह्यांतील नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात (घोषणा २०१३) अशा अभ्यासास वाव आहे.

डोळे : वाघाची बाहुली गोल, तर चितळाची आडवी लांबट असते, त्यामुळे चितळाला सभोवतालचा विस्तृत प्रदेश न्याहाळता येतो. दोघांच्याही जालपटलामागे परावर्तक थर असल्याने भिंगालगतच्या प्रकाशझोतात डोळे चकाकतात व बाहुलीचा आकार लोपतो. म्हणून नैसर्गिक प्रकाश श्रेयस्कर ठरतो.

पाय : चालताना वाघाच्या नख्या आत ओढलेल्या असल्याने सामान्यतः ठशात उमटत नाहीत, रानकुत्र्याच्या उमटतात. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून बरोबर वरून छायाचित्र घेतात. सकाळच्या तिरप्या उन्हात त्याची खोली स्पष्ट दिसते. मात्र ठसा जमिनीच्या प्रकारानुसार बदलतो. त्यामुळे ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत मागे पडली व २००६ पासूनच्या राष्ट्रीय गणनांत स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखले जाऊ लागले. तथापि प्राण्याच्या वावराचा पुरावा म्हणून ठशांचे महत्त्व टिकून आहे.