लांबचा विमानप्रवास आणि पायांची काळजी

आपल्या चिमूर भागातील काही घरांतील मुले आता अमेरिकेत नोकरीला आहेत. नातवंड झाले की आजी-आजोबांना बोलावणे येते. व्हिसा, तिकीट, पापड-लोणची यांची तयारी महिनाभर चालते. पायांचा विचार मात्र कोणी करीत नाही.

चिमूर ते नागपूर सुमारे शंभर किलोमीटर. नागपूर ते मुंबई विमानाने दीड तास. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर आकाशमार्गे सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानालाही पंधरा-सोळा तास लागतात. वाटेत विमान बदलायचे असेल तर घरून निघाल्यापासून दीड दिवस सहज जातो आणि त्यातला बहुतेक वेळ खुर्चीत बसून काढावा लागतो.

माझे एक रुग्ण, निवृत्त शिक्षक, अमेरिकेहून परतल्यावर चौथ्या दिवशी दवाखान्यात आले. डावी पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी होती. प्रवासाचा शीण समजून घरी रोज तेल लावून चोळणे सुरू होते. मी चोळणे बंद करायला सांगून त्यांना त्याच दिवशी नागपूरला पाठविले. सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गुठळी दिसली. वेळेवर उपचार मिळाले आणि गुरुजी बरे झाले. पण जाण्यापूर्वी ते माझ्याकडे आले होते. तेव्हा मी रक्तदाब तपासला, गोळ्या लिहून दिल्या आणि 'खुशाल जा' म्हणालो. पायांविषयी एक शब्दही बोललो नाही. ती चूक माझी.

चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर हृदयाकडे ढकलतात. तासन् तास बसून राहिल्यास रक्त पायात साचते व गोठू शकते. गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक प्रवासात हा धोका दुपटीने वाढतो. तरीही तो सुमारे सहा हजारांत एकाला, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. रात्रभर ट्रॅव्हल्सने पुण्याला जाणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे.

काय करावे? दर तासा-दीड तासाने उठून फेरी मारावी. बसल्या जागी पावले वर-खाली हलवावीत. पाणी पीत राहावे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. नुकतेच ऑपरेशन किंवा बाळंतपण झालेल्यांनी, कर्करोगाच्या रुग्णांनी व पूर्वी गुठळी झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. ॲस्पिरिन आपल्या मनाने घेऊ नये.

औषधे चिठ्ठीसह हातातील बॅगेतच ठेवावीत. खाली दिलेल्या सामानात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ ते साडेदहा तास मागे असते, त्यामुळे मधुमेहींनी इन्सुलिनच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.

प्रवासानंतर महिनाभरात एकच पाय सुजला किंवा दुखू लागला, तर चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एकाएकी दम लागला किंवा छातीत दुखले, तर थेट मोठे रुग्णालय गाठा.