घर लहान, म्हणून कुत्रं लहान?

छत्रपती संभाजीनगरातली गुलमंडी, औरंगपुरा, रंगारगल्ली. खाली दुकान, वर दोन खोल्या. अशा घरांत कुत्र्याचा विषय निघाला की एकच वाक्य ऐकू येतं: ‘जागा कमी आहे, छोटंच घेऊ.’ मग पग नाहीतर शित्झूचं पिल्लू येतं. हा हिशेब मुळातच चुकीचा आहे, हे सांगून सांगून तोंड दुखलं, आणि त्याची किंमत मोजतं ते मुकं जनावर.

कुत्र्याला चौरस फूट कळत नाहीत, उकाडा कळतो. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तोंड उघडून धापा टाकायच्या, नाकातोंडातल्या ओलाव्याची वाफ होऊ द्यायची, हाच अंग थंड करण्याचा त्याचा मुख्य मार्ग. पग, शित्झू, पेकिनीज यांचं नाक माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आखूड केलं, त्यामुळे हवा खेळायला आत जागाच उरली नाही. शंका असेल त्यांच्यासाठी सांगतो: ब्रिटनमधल्या नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासणारा अभ्यास २०२० साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आला. पगला उष्म्याचा त्रास होण्याचा धोका लॅब्रेडॉरच्या तिपटीहून जास्त निघाला, तोही ब्रिटनच्या हवेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वरच्या मजल्यावर डोक्यावर पत्रे असतात.

‘कूलर आहे की!’ कूलर हवा दमट करतो. खिडक्या बंद करून लावला तर ओल खोलीतच कोंडते, आणि दमट हवेत नुसत्या धापांनी अंग थंड होत नाही. शिवाय नळाला रोज पाणी न येणाऱ्या या शहरात कूलरची टाकी दुपारभर भरलेली राहील का, तेही बघा. कुत्र्याचं अंग एरवी ३८-३९ अंश सेल्सिअस असतं, ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. जीभ जांभळट, लाळ घट्ट, श्वासाला घरघर दिसली तर अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि तसंच डॉक्टरांकडे पळवा.

म्हणून जुन्या वाड्यातली जाड भिंतींची तळमजल्याची खोली, कितीही लहान असो, वरच्या मजल्यावरच्या ऐसपैस फ्लॅटपेक्षा या कुत्र्यांना मानवते. पण घरात दिवसभर माणूस हवं. ही कुत्री माणसाच्या सोबतीसाठीच घडवलेली आहेत. सगळे सकाळपासून दुकानात आणि पिल्लू वर कुलपात, असं असेल तर घेऊच नका. पॉम (पोमेरेनियन) तर प्रत्येक हॉर्नला, गणपतीतल्या प्रत्येक ढोलाला भुंकणार. तो त्याचा स्वभाव आहे, आणि गुलमंडीत हॉर्नला तोटा नाही.

लहान मुलांचं घर असेल तर आणखी विचार करा. चिवावा किंवा छोट्या पॉमच्या पुढच्या पायाची हाडं पेन्सिलीएवढी बारीक असतात. मुलाच्या हातून निसटलं, पलंगावरून उडी मारली, एवढ्यानेही ती मोडतात. वाड्यातला उभा लाकडी जिना तर त्याला एकट्याने उतरूच देऊ नका.

बाकीचे समज थोडक्यात. ‘छोटंय, फिरवायला नको’: दिवसातून दोनदा फिरवावंच लागतं, उन्हाळ्यात पहाटे आणि रात्री. ‘केस भादरले की गार वाटतं’: पॉमचे दुहेरी केस उन्हापासून आडोसा असतात, ते विंचरा, भादरू नका. ‘दूधपोळीवर भागतं’: भागत नाही. कांदा, मनुका, चॉकलेट तर विष आहे. ‘टीकप’ नावाची जातच नाही, मुद्दाम खुरटवलेली किंवा अशक्त पिल्लं त्या नावाखाली विकतात. ‘एवढासा दात लागला, इंजेक्शन कशाला?’ हे ऐकलं की संताप होतो. रेबीज कुत्र्याचा आकार बघत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

एवढं सगळं जमणार असेल तरच पिल्लू बघायला जा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार बेकायदा आहे. विकणाऱ्याला पिल्लाची आई दाखवायला सांगा, तिचा श्वास नुसतं बसल्यावरही घरघरत असेल तर ते पिल्लू घेऊ नका.