शिवलकरांचा चेंडू हवेत थांबायचा कसा?

आज स्टंप गुंडाळून ठेवा रे पोरांनो. अष्टमी आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना, ढोबळ पण कामाचा हिशेब. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे तुमच्या खेळाच्या वेळेला खेळपट्टीवर पाणी. पुनवेचं गणित करून बघा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे साडेपाचच्या सुमारास. शिवाय ते उधाणाचं पाणी, हटतं तेही लांबवर. मैदान केवढं मिळतं बघा!

“पण आजो, सुक्या वाळयेत खेळलो तर?”

खेळ की. बॉल टाकलास की तिथेच बसेल. सुकी वाळू पायाखाली सरकते, कारण तिच्या कणांना धरून ठेवणारं काही नसतं. ओल्या वाळूत दोन कणांच्या मध्ये पाण्याचा पातळ पडदा असतो, तो त्यांना एकमेकांकडे ओढतो, म्हणून ती टणक. आणि पाणी फार झालं की कण पुन्हा सुटे. लाट नुकतीच उतरलेल्या पट्ट्यात पाऊल दाबून बघा. पायाभोवतीची वाळू क्षणभर सुकल्यासारखी फिकी दिसते. पाणी गेलं कुठे? दाबामुळे गच्च बसलेले कण एकमेकांवर चढतात, त्यांच्यातली जागा वाढते आणि वरचं पाणी त्या जागेत ओढलं जातं. ऑसबर्न रेनॉल्ड्स नावाच्या शास्त्रज्ञाने 1885 साली याचा उलगडा केला. तर खेळपट्टी म्हणजे माती आणि पाणी यांचा समझोता, मग ती मालवणच्या किनाऱ्यावरची असो नाहीतर चेपॉकची.

चेपॉक म्हटलं की मला पद्माकर शिवलकर आठवतात. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज. मैदानावर सगळे त्यांना पॅडी म्हणत. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासच्या त्या मैदानावर चेंडू पहिल्या दिवसापासून वळत होता. मुंबई 151 वर आटोपली. मग शिवलकरांनी 16 धावांत 8 बळी घेतले आणि तामिळनाडूचा डाव 80 वर संपला. दुसऱ्या डावात मुंबई 113, तामिळनाडू 61, त्यातही शिवलकरांचे 18 धावांत 5. पाच दिवसांचा सामना तिसऱ्या दिवसाच्या पहिल्या चेंडूवर खल्लास!

“पिचच तसा होता, मगे त्येंचा काय मोठा?”

बरोबर विचारलंस. पिच दोन्ही संघांना तेच होतं. समोरही वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार असे मातब्बर फिरकीवाले होते. शिवलकरांचं वेगळेपण टप्पा पडायच्या आधी, हवेत होतं. चेंडू वर जायचा, फलंदाजाला वाटायचं आला टप्प्यात, तो पाय पुढे टाकायचा आणि चेंडू हातभर अलीकडेच पडायचा.

हे कसं होतं ते सांगतो. शिवणीवरून बोट ओढून चेंडूला पीळ दिला की तो पुढे जाताना गरगर फिरतो आणि अंगालगतची हवा सोबत ओढतो. एका बाजूला ही ओढलेली हवा समोरून येणाऱ्या हवेच्या दिशेनेच जाते, दुसऱ्या बाजूला तिच्याशी भांडते. त्यामुळे चेंडूमागची हवा सरळ न सुटता एका अंगाला वळते. तुमचा बाबा होडीत वल्हं मारतो तेव्हा पाणी मागे जातं, होडी पुढे. इथेही तोच नियम. चेंडूचा माथा पुढे लोळत असेल तर चेंडू हवेला वर ढकलतो, हवा चेंडूला खाली ढकलते. गुरुत्वाकर्षण ओढतच असतं, त्यात ही भर. म्हणून चेंडू लवकर खाली येतो. पीळ आडवा असेल तर हाच धक्का बाजूला बसतो. डावखुऱ्याचा चेंडू हवेत उजव्या फलंदाजाच्या पायांकडे सरकतो आणि टप्पा पडल्यावर शिवण मातीला चावली की उलटा, बाहेर वळतो. फलंदाज दोनदा फसतो.

टेनिसचा चेंडू असा वाकडा जातो हे न्यूटनने 1672 मध्ये लिहून ठेवलं होतं. पुढे 1852 मध्ये जर्मनीच्या गुस्ताव मॅग्नसने, तोफगोळे वाट का सोडतात ते शोधताना, प्रयोग करून दाखवलं. म्हणून याला मॅग्नस परिणाम म्हणतात. तुमचा टेनिस बॉल जेमतेम 57-58 ग्रॅमचा, लेदरचा 160 च्या आसपास. हलक्या बॉलला हवा जास्त हलवते. त्यात दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो. त्याच्याकडे तोंड करून पिळाचा बॉल टाकलात तर समोरची हवा जोरात भिडते आणि बॉल आणखी लवकर बसतो.

“मगे शिवलकर इंडियातसून किती खेळले?”

एकही कसोटी नाही. 124 प्रथम श्रेणी सामन्यांत 589 बळी, पण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते, तेही डावखुरे, तेही थोर. जागा एकच. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचंही तेच झालं. त्या काळी क्रिकेटवर घर चालत नसे. नोकरी करायची, संसार बघायचा आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा मैदान गाठायचं. शिवलकर वयाच्या सत्तेचाळिशीतही मुंबईसाठी उतरले होते. गळा गोड, गाणीही गायचे. मूळ आपल्या वेंगुर्ल्याच्या सुनील गावसकरांनी ‘आयडॉल्स’ या पुस्तकात शिवलकर आणि गोयल या दोघांवर लिहिलं. 2017 मध्ये क्रिकेट मंडळाने दोघांनाही सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. 3 मार्च 2025 ला शिवलकर गेले, तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.

आता कान देऊन ऐका. हवा, माती, गुरुत्वाकर्षण यांतलं काहीही शिवलकरांच्या एकट्याच्या मालकीचं नव्हतं. मॅग्नसचा नियम तुमच्या बॉललाही लागू आहे. पण बॉल दर वेळी वेगळ्या ठिकाणी पडला तर तो हवेत किती बसला आणि मातीत किती वळला, हे ना तुम्हाला कळेल ना फलंदाजाला. हजारदा एकाच जागी टाकता आला, तर एक हजार एकावा चेंडू हातभर अलीकडे पडला की फलंदाज फसतो. शिवलकरांनी मोसमामागून मोसम हेच केलं.

तेव्हा उद्यापासून खळ्यात चुन्याची एक रेघ मारा. आधी सरळ बॉल तिच्यावर पडू देत. पीळ त्यानंतर. आणि गणू, तू हात डोक्याच्या वर नेऊन टाक बघू, कमरेतून फेकू नकोस!