एकट्याने सायकलवर दूर जाताना

नागपूरहून सेवाग्रामला सायकलने जावे, असे तुमच्या मनात आहे. सोबतीला कोणी नाही. मग जावे की नाही? खुशाल जावे. पण तयारीने जावे.

पुण्याकडची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली सायकलवर जगाची फेरी करून आली. तेव्हा ती वीस वर्षांची होती. १५९ दिवसांत तिने सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवली. बहुतेक वाट तिने एकटीनेच कापली. आपल्याला तर पाऊणशे किलोमीटरच जायचे आहे!

दोघे असले, की एकाची ट्यूब फुटली तर दुसरा गावातून पंप आणतो. एकट्याला कोण आणून देणार? म्हणून पंप, एक जादा ट्यूब, ठिगळे, सोल्युशन आणि पाना जवळ हवा. पंक्चर काढायला घरीच शिका. काटा टायरमध्ये तसाच राहिला, तर नवी ट्यूबही फुटते. म्हणून टायरच्या आतून फडके फिरवून पाहा. काटा असेल तिथे फडके अडकते. नुसते बोट फिरवू नका, काटा बोटात घुसेल.

सीटची उंचीही पाहून घ्या. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. सीट फार खाली असली, तर गुडघे दुखतात.

आता उन्हाचे. आपल्याकडचे ऊन काही औरच! मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो. नवतपा लागला, की घराबाहेर पडवत नाही. तेव्हा दिवाळी ते होळी या दिवसांतच निघा. तरीही डोक्याला दुपट्टा बांधा. तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पाणी प्या. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घालून तेही जवळ ठेवा. चमचे सपाट भरा.

डोके दुखू लागले, गरगरले, की लगेच उतरा. एकटा माणूस इथेच फसतो. "आणखी थोडे पुढे जाऊ," म्हणतो आणि रस्त्याच्या कडेला पडतो. सावलीत बसा. अंगावर पाणी ओता. जो दिसेल त्याला हाक मारा. बरे वाटले नाही, तर १०८ वर फोन करा. गाडी येते.

समृद्धी महामार्गावर सायकलला मनाई आहे. बुटीबोरी, सेलू, पवनार या जुन्या वाटेने जा. ट्रक जवळून गेला, की वाऱ्याने सायकल हेलकावते. हँडल घट्ट धरा, कडेने चला.

निघण्याआधी घरी कागदावर लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते ना! "सकाळी ६॥ ला निघालो. बुटीबोरी ९ ला. सेलू १२ ला. सेवाग्राम ३ ला." प्रत्येक ठिकाणाहून घरी फोन करा. फोन आला नाही, तर कुठे शोधायचे ते घरच्यांना कळेल.

सेवाग्रामला यात्री निवास आहे. जागा आधी विचारून ठेवा. त्याच दिवशी परत फिरू नका. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील. पहिले दोन कोस हळू चालवा. वारा समोरून असेल, तर वेळ जास्त लागेल. निघतानाच घरी तसे कळवा.