हौसाताईंची भिंत

पहाटे साडेपाच
मे महिन्यात भिंत रंगवायची तर कोंबड्याच्या आधी उठावं लागतं. साडेआठला या भिंतीवर ऊन येतं आणि दहापर्यंत ती तव्यासारखी तापते. मग रंग ब्रशमधून उतरता उतरताच सुकतो, एक फटकारा दुसऱ्यात मिसळत नाही. म्हणून सकाळचे दोन-अडीच तास आणि दुपारी तीननंतर भिंतीवर सावली येते तेव्हा. मधला वेळ खरडायला, घासायला आणि डोकं खाजवायला.

स्कूटीच्या पुढ्यात स्टेनरच्या बाटल्या : काळा, पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड, निळा, हिरवा. पांढऱ्या इमल्शनची बादली शाळेतच ठेवली आहे. एवढ्यातून चाळीस फूट भिंत निघते, लोकांना ते खरं वाटत नाही.

सव्वासहा
वाळवा तालुक्यातली शाळा, कंपाउंडची भिंत, उंची नऊ फूट. माझा मदतनीस पोरगा घोडी लावून बसलेला. पहिलं काम खालच्या फूटभर पट्ट्याचं. तिथे लोणा आहे. काल खरवडून पुट्टी भरली होती, आज बोट लावलं तर पीठ हातात. जमिनीतली ओल क्षार घेऊन वर चढते, तिच्यावर कुठलीच पुट्टी टिकत नाही. दुसऱ्या एका गावात मी हे न ऐकता राणी लक्ष्मीबाईंचा घोडा थेट जमिनीवर उभा केला होता. पहिल्याच पावसात त्याचे चारही पाय गळाले. त्या भिंतीचं बिल अजून यायचंय, घोडा मात्र पोटावर बसलाय.

इथे ठरवलंय की खालचा फूटभर पट्टा नुसता मातीच्या रंगाचा ठेवायचा. सोललाच तरी माती मातीत.

पावणेसात
दोरीला नीळ लावून ग्राफ मारायचा. एका टोकाला पोरगा, एका टोकाला मी, मधे दोरी ओढून टपकन सोडायची. भिंतीवर फूट-फूट चौकटी, कागदावर इंच-इंच. यात कला काही नाही, पण इथे चूक झाली तर पुढे हौसाताईंचा एक हात गुडघ्यापर्यंत येतो.

शाळेच्या समितीला आधी लक्ष्मीबाईच हव्या होत्या. मी त्यांना अकरा वेळा रंगवलंय, बाराव्यांदाही रंगवलं असतं. पण भवानीनगर इथून पाऊण तासावर. 1943 च्या सुमारास तिथल्या पोलीस ठाण्यासमोर नाना पाटलांच्या लेकीनं, हौसाताईंनी, जे सोंग वठवलं ते या शाळेतल्या एकाही पोराला माहीत नव्हतं. मुख्याध्यापकांना तसं म्हटलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “मलाही अर्धंच माहीत होतं, मॅडम.”

गोष्ट अशी. इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या लोकांना हत्यारं हवी होती आणि ती ठाण्यात होती. तेव्हा ठाण्यासमोर नवराबायकोचं भांडण लावायचं ठरलं. बायको हौसाताई, वय सतरा. नवऱ्याचं सोंग घेतलेला एक साथीदार. तो तिला मारतोय, मोठा धोंडा उचलून डोकं ठेचीन म्हणतोय, ती ओरडतेय. शिपाई सोडवायला बाहेर आले आणि बाकीच्यांनी मागून बंदुका-काडतुसं उचलली. म्हातारपणी ही हकिकत सांगताना हौसाताईंची तक्रार एकच असायची : त्यानं मला खरंच मारलं.

साडेसात
चेहऱ्याशी अडलेय. तीन दिवस अडलेय.

मला हौसाताईंचे जे फोटो मिळाले ते सगळे नव्वदीतले. 2021 मध्ये त्या गेल्या, पंचाण्णव वर्षांच्या होऊन. सतरा वर्षांच्या मुलीचा एकही नाही. भूमिगतांच्या घरात कोण फोटो काढून ठेवणार? पोलिसांनी घर-जमीन जप्त केलेली. अशा वेळी आम्ही भिंत रंगवणारे एक ठरलेला चेहरा काढतो : गोरा, टपोऱ्या डोळ्यांचा, कपाळावर चंद्रकोर, नजर कुठंतरी वर. कॅलेंडरची बाई. तीच बाई मी लक्ष्मीबाई म्हणून, राणी चन्नम्मा म्हणून आणि एकदा, लाज वाटते सांगायला, एका पतसंस्थेची लक्ष्मी म्हणूनही काढली आहे.

हौसाताईंना ती चिकटवायची नाही. म्हणून आज चेहरा वळवला. त्या जमिनीवर पडलेल्या, एक हात धोंड्याच्या आड धरलेला, त्या हाताखाली अर्धं तोंड. दिसतं ते एवढंच : एक कान, सुटलेला अंबाडा, उघडं तोंड. बाकी सगळं त्या हातात.

साडेआठ
ऊन आलं. घोडी उतरवली.

दुपार
लिंबाखाली भाकरी, खर्डा, कांदा. पोरगा मधल्या भागाचं विचारतो. तिथे मांडवी नदी आहे. पोर्तुगिजांच्या तुरुंगातून साथीदाराला सोडवायला हौसाताई गोव्यात गेल्या होत्या, येताना नदी लाकडी पेटीवर तरंगत ओलांडली. पोरगा कृष्णेत पोहतो. त्याचा पहिला प्रश्न, “रात्रीची? पेटी फिरती की ओ ताई.” फिरत असणार. पेटी तिरकी काढायची, हे त्याच्यामुळे ठरलं.

उजव्या टोकाला मुंबई : काँग्रेस रेडिओवाल्या उषा मेहता. 27 ऑगस्ट ते 12 नोव्हेंबर 1942, जागा बदलत बदलत चालवलेलं छुपं केंद्र. ट्रान्समीटरचं खोकं पोरांना काय कळणार, म्हणून त्या जिच्यावर बोलत ती तरंगलांबी हातभर आकड्यांत लिहिली, 42.34 मीटर. काल चौथीतल्या एकानं विचारलं, ही भिंतीची लांबी का?

साडेतीन
सावली आली. लाल ऑक्साइड, पिवळा आणि नखाएवढा काळा. हातावर पहिला हात चढला. कोपराशी जरा हिरवट छटा, कातडी जिवंत वाटते. मनगटावर हिरव्या बांगड्या, एकावर एक, प्रत्येकीवर पांढरा ठिपका. जमलं म्हणून मागे सरकून बघत होते.

सव्वाचार
बाजारातून परतणारी एक आज्जी थांबली. पिशवी खाली, पदर कमरेला.

“कुणाला मारतुया त्यो?”

मी सगळं सांगितलं. ठाणं, बंदुका, नाना पाटलांची लेक. ती ऐकत होती, पण डोळे मनगटावर.

“खरं मारला म्हंतीस न्हवं?”

“व्हय आज्जी.”

“मग काकणं कशी शाबूत ऱ्हायली गं? पयल्या ढकलण्यातच पिचत्यात ती.”

मी ब्रश धरून उभी. जी. डी. आर्टला पाच वर्षं शरीररचना शिकले, सांगाड्याचं एकेक हाड पाठ केलं. पडणारी बाई मनगटावर पडते हे कुणी सांगितलं नव्हतं. आज्जीनं पिशवी उचलली आणि जाता जाता म्हणाली, “चार ऱ्हाऊ दे. समदी न्हाईत जात.”

पाच
बांगड्या पुसायला ओलं फडकं घेतलं आणि वळीव आला. आधी वावटळ, धूळ, मग सुपारीएवढे थेंब. ताडपत्री दोघांनी धरली, पण ती पुरली हौसाताईंपुरती. धोंडा धरलेला हात नुकताच रंगवलेला, तो कोपरापासून ओघळत खाली आला. पोरगा हसायला लागला, “ताई, आता ह्यो काय मारतुया!” मीही हसले. तो हात उद्या पुन्हा.

साडेसहा
आभाळ उघडलं. मनगट कोरड्या फडक्यानं टिपलं, चार बांगड्या ठेवल्या. एकीला तडा. बाकीच्यांचे तुकडे पडणार कुठे? जमिनीवरच, म्हणजे त्याच लोण्याच्या पट्ट्यात, जिथं मी काही काढणार नव्हते. तिथलं काही टिकत नाही, महिन्या-दोन महिन्यांत सोलणार. तरी उकिडवी बसले. पोरानं स्कूटीचा दिवा भिंतीकडे वळवला. हिरव्याचे बारीक कमानदार तुकडे, काही उलटे, एक पार कोपऱ्यात उडालेला. सोळा झाले.

ब्रश धुतले. उरलेला हिरवा एका छोट्या डबीत भरला, वर पाण्याचा थर दिला, झाकण घट्ट लावलं. जुलैत लागणार आहे. डबीवर पोरानं खडूनं लिहिलं, ‘काकणं’.