मुद्देमालात न बसणारा जुगार
लेखमाला : कारभाराचा हिशेब – भाग 7

पालघर-बोईसरच्या गुन्हेवार्तांत एक मजकूर वर्षानुवर्षं जवळपास तसाच छापून येतो. जागा बदलते, आरोपींची संख्या बदलते; बाकी ‘गोपनीय माहितीच्या आधारे छापा’, ‘जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 (अ) अन्वये गुन्हा’, ‘रोख रक्कम व साहित्यासह मुद्देमाल जप्त’ ही वाक्यं ठरलेली. कायदा 1887 चा आहे. पंचनाम्यात पत्त्यांचा जोड, आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या, पेन, मोबाइल यांची नोंद होते. पकडलेल्या माणसाच्या घरी त्या महिन्याचा किराणा आला का, याला पंचनाम्यात जागा नाही. ती असावी असं म्हणणंही नाही. पण मग ती कुठे आहे?

मटक्याचं गणित आधी पाहू. तीन पत्ते निघतात, समजा 2, 5 आणि 8. बेरीज 15, म्हणून ‘ओपन’ला 5. असाच ‘क्लोज’ निघाला की दोन्ही मिळून जोडी. एकेरी आकड्याला साधारण नऊपट आणि जोडीला नव्वदपट असा जुना भाव. आकडे दहा, म्हणजे खेळ अगदी सचोटीचा धरला तरी लावलेल्या शंभरातले दहा रुपये सरासरीने धंदेवाल्याकडेच राहतात. रोज लावणाऱ्याचं काय होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. 12 एप्रिल 1969 ला महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. महसूल हा हेतू होताच, पण लोकांना मटक्यासारख्या बेकायदा जुगारापासून दूर ठेवायचं हेही कारण सांगितलं गेलं. आजच्या भाषेत हे जुगाराची हानी कमी करण्याचं धोरणच. त्याच वर्षी तारापूरच्या अणुभट्ट्यांतून वीज मिळू लागली. किती युनिट वीज झाली याचा हिशेब निघतो. लॉटरीमुळे मटक्यापासून किती माणसं सुटली याचा ताळेबंद विधिमंडळापुढे दरवर्षी यायला हवा होता. चर्चा होते ती महसुलाची आणि सोडतीची. ‘दूर ठेवायचं’ हे अर्धं वाक्य मागे पडलं, आणि मला त्यात विसरभोळेपणापेक्षा सोय जास्त दिसते.

मोजल्याने काय होतं, हे बोईसरकरांना सांगायला नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्राला 93.69 गुण मिळाले, देशातले सर्वाधिक. ही बदनामीच होती, पण त्या आकड्यावर भांडता आलं. कारखानदारांनी मोजण्याच्या पद्धतीवर बोट ठेवावं, मच्छीमारांनी नवापूरच्या किनाऱ्याकडे दाखवावं, हरित लवादापुढे कागद ठेवावेत, हे सगळं शक्य झालं ते आकडा उघड होता म्हणून. एखाद्या रासायनिक कारखान्याचं संमतीपत्र आजही संकेतस्थळावर वाचता येतं. जुगाराच्या बाबतीत भांडायला असा आकडाच नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग जुगार कायद्याखालचे गुन्हे राज्यवार छापतो. पण ते पोलिसांच्या कामाचं मोजमाप झालं. छापे वाढले म्हणजे जुगार वाढला की बंदोबस्त, हे त्यावरून ठरत नाही. याच विभागाच्या आत्महत्यांच्या अहवालात कारणांचे रकाने आहेत: कर्जबाजारीपणा, दारू व अमली पदार्थांचं व्यसन, परीक्षेतलं अपयश. जुगाराचा रकाना नाही. आकड्यापायी किंवा मोबाइलवरच्या रमीपायी कर्ज झालेला माणूस ‘कर्जबाजारी’त जातो आणि तिथेच विषय संपतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत जुगाराचं व्यसन हा स्वतंत्र आजार आहे, तरीही.

आता मोबाइलकडे. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारं विधेयक 20 ऑगस्ट 2025 ला लोकसभेत मांडलं गेलं आणि त्याच दिवशी मंजूर झालं. 21 ला राज्यसभा, 22 ला राष्ट्रपतींची संमती. 45 कोटी लोक दरवर्षी सुमारे 20,000 कोटी रुपये गमावतात, असं तेव्हा सरकारकडून सांगितलं गेलं. बंदी योग्य असेलही. मला ती अयोग्य वाटत नाही. पण कायद्याचा मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवावा, हे केंद्राचं स्वतःचं 2014 चं धोरण आहे. मसुद्यासोबत हा 45 कोटींचा हिशेबही पुढे आला असता, तर त्यात पालघर किती, कंत्राटी कामगार किती, विद्यार्थी किती, हे विचारता आलं असतं. आपण मात्र सगळा वाद राज्यातल्या एका मंत्र्याच्या सभागृहातल्या रमीच्या व्हिडिओवर खर्च केला.

ब्रिटनमध्ये जुगार कायदेशीर आहे, जाहिराती धो-धो आहेत. त्याचं कौतुक करायचं कारण नाही. पण तिथला जुगार आयोग सर्वेक्षण करून आकडे छापतो. 2024 च्या अहवालात 2.5 टक्के प्रौढ गंभीर हानीच्या पातळीवर आढळले. कंपन्या पद्धतीवर तुटून पडल्या, आयोगाला उत्तर द्यावं लागलं. वाद तारापूरच्या वादासारखाच, आकडा समोर ठेवून झालेला.

आपल्याकडे कायद्याचा आधार आहे. माहिती अधिकाराचं कलम 4(1)(ग) सांगतं की लोकांवर परिणाम करणारी धोरणं आखताना संबंधित सर्व वस्तुस्थिती स्वतःहून प्रसिद्ध करावी. मंत्रिमंडळाचे निर्णयही कायमचे झाकून ठेवता येत नाहीत. निर्णय होऊन विषय संपला की कारणं आणि आधारसामग्री खुली करावी, असं कलम 8(1)(झ) म्हणतं. राज्याचा 1976 चा कॅसिनो कायदा कधीच अमलात न येता 2023 मध्ये रद्द झाला. ती फाइल मागण्याजोगी आहे.

अर्ज कसा लिहायचा? ‘जिल्ह्यात जुगार का वाढला?’ असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही, कारण हा कायदा मत नव्हे, नोंद देतो. ‘गेल्या पाच वर्षांत जुगार कायद्याखाली दाखल गुन्हे, दोषसिद्धी आणि दंडाची रक्कम, पोलीस ठाणेनिहाय’ असं पोलीस अधीक्षक कार्यालयाला विचारा. जुगाराच्या व्यसनावर उपचार घेतलेल्यांची संख्या, नावं न मागता, जिल्हा शल्यचिकित्सकांना. राज्यात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा अर्ज वेगळे करा आणि प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा.

जव्हार, मोखाडा, तलासरीतल्या वाचकांना आणखी एक वाट आहे. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला नशेच्या पदार्थांवर आणि आदिवासींना कर्ज देणाऱ्या सावकारीवर नियंत्रणाचा अधिकार दिला. त्या यादीत जुगार नाही. पण हरलेला पैसा बहुतेकदा सावकाराकडून आलेला असतो. गावात परवानाधारक सावकार किती, हे ग्रामसभेने ठराव करून सहकार खात्याच्या सहायक निबंधकांना विचारावं.

शल्यचिकित्सकांकडून ‘अशी नोंद ठेवली जात नाही’ असं उत्तर येण्याची शक्यता मोठी. तो कागद फेकू नका. रकाना सुरू करण्याच्या मागणीला तोच जोडायचा आहे. उत्तर 30 दिवसांत आलंच नाही तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे. त्याचा मसुदा पुढच्या भागात.