जवळचा आवाज

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीची जमीन हादरली. सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. सोलापूर तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. धक्का इथेही जाणवला आणि पुढे कित्येक जखमी इथल्या रुग्णालयांत आले. देशात मोबाइल यायला अजून दोन वर्षे होती. गावात फोन असलाच तर एखादा, तोही ढिगाऱ्यात. त्या दिवसांत हौशी रेडिओचालक, ज्यांना जग ‘हॅम’ म्हणते, आपले संच घेऊन निरोपांच्या कामाला लागले. देशातल्या हॅम मंडळींच्या इतिहासात लातूरचे नाव तेव्हापासून ठळक आहे.

हा छंद आपल्याकडे शंभर वर्षांचा आहे. १९२१ साली कोलकात्यात अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने परवाने बंद केले, तरी १९४२च्या आंदोलनात मुंबईहून उषा मेहतांचा आवाज घरोघरी नेणाऱ्या काँग्रेस रेडिओच्या उभारणीत नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याचा हात होता. २००१ साली भूजला भूकंप झाला, तिथेही हॅम होते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या, त्या अंदमानातून जगभरच्या हॅमशी बोलण्यासाठी. २६ तारखेला त्सुनामी आली आणि तेच केंद्र मुख्य भूमीला बेटांची खबर देऊ लागले.

अशा कथांमुळे हॅम म्हणजे सातासमुद्रापार बोलणारा माणूस, अशी आपली समजूत होते. परवानाधारकालाही दूरच्या देशाशी जमलेल्या संभाषणाचा आनंद मोठा असतो. आपत्तीत मात्र गरज असते ती जवळच्या आवाजाची. करमाळ्याचा निरोप सोलापुरात हवा असतो, ब्राझीलमध्ये नव्हे. आणि रेडिओला हे जवळचे अंतरच अवघड जाते.

हातातला पाच वॉटचा संच १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याची लहर जवळजवळ नजरेच्या रेषेत जाते. शहरात तो उत्तम, पण तालुक्याच्या गावापर्यंत पोचायला उंच जागेवर लहर पकडून पुढे पाठवणारा रिपीटर लागतो. दुसरा मार्ग जुना आणि माझ्या मते फार सुंदर आहे. ७ मेगाहर्ट्झसाठी सुमारे वीस मीटर तार घ्यायची, मधोमध केबल जोडायची आणि तार मुद्दाम बुटकी, चार-पाच मीटरवरच बांधायची. लहर जवळपास सरळ वर जाते, वातावरणातल्या आयनांबरावर आपटते आणि भोवतालच्या दोन-तीनशे किलोमीटरवर छत्रीसारखी उतरते. डोंगर, पडलेले टॉवर, तुटलेल्या तारा, काहीच आड येत नाही. रात्री आयनांबर विरळ झाले की साडेतीन मेगाहर्ट्झवर उतरायचे, तार दुप्पट लांब करायची. वीज नसली तरी गाडीची बारा व्होल्टची बॅटरी पुरते.

यंत्रापेक्षा मोठी गोष्ट शिस्तीची. आपत्तीत सगळे एका फ्रिक्वेन्सीवर जमतात आणि एकजण ‘नेट कंट्रोल’ होतो. त्याने बोलावल्याशिवाय कुणी बोलायचे नाही. निरोपाला क्रमांक, वेळ, कुणाकडून, कुणाला, हे सगळे लिहायचे आणि घेणाऱ्याने तो शब्दशः परत वाचून दाखवायचा. माढ्याचे वडशिंगे आणि करमाळ्याचे वडशिवणे खरखरीत एकसारखे ऐकू येतात. बोट चुकीच्या गावाला गेली तर परत फिरवायला वेळ नसतो. ही शिस्त पुराच्या दिवशी येत नाही. रोज संध्याकाळी काही काम नसताना हजेरी लावणाऱ्या, ‘कॉपी’ आणि ‘ओव्हर’ म्हणत हवापाण्याच्या गप्पा मारणाऱ्या माणसांच्याच अंगी ती मुरते. त्या गप्पांना रिकामपणाचा उद्योग म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

सोलापूरला भीती पाण्याची आहे, हे दुष्काळी जिल्हा म्हणून ओळख असल्याने आपण विसरतो. अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात भीमा उजनी धरणातून सोडलेल्या पाण्याने फुगते, सीना अचानक वाढते. ऑक्टोबर २०२०च्या पावसात पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून माणसे गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळ्यातली गावे वेढली. शिवाय आषाढी वारी आहेच. लाखो वारकरी पंढरपुरात जमतात तेव्हा मोबाइलचे जाळे पूर नसतानाही गुदमरते.

अशा वेळी धावून येणाऱ्या हॅमला या सेवेचा मोबदला घेता येत नाही. परवाना केंद्राच्या दूरसंचार खात्याचा, त्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि वयाची किमान अट बारा वर्षे आहे. सातवीतली मुलगी ती देऊ शकते. मोर्स न येणाऱ्यांसाठी मर्यादित श्रेणी आहे.

मला एक गोष्ट मनापासून हवी आहे. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियंत्रण कक्षाच्या छतावर हॅमची तार पावसाळ्याआधीच बांधलेली असावी, केबल खिडकीतून आत आलेली असावी आणि ती कुणाची हे रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याला माहीत असावे. तालुक्याच्या तहसील कचेऱ्यांवरही तशीच एकेक. पुरात चालक कसाबसा पोचतो, पण मग गच्चीची किल्ली कुणाकडे, परवानगी कुणाची, यात जे तास जातात ते मे महिन्यातच वाचवता येतात. वारीपूर्वी एक दिवस सगळ्यांनी मोबाइल बंद ठेवून पंढरपूर, अकलूज, करमाळा, सोलापूर असा निरोपांचा सराव करावा आणि किती निरोप चुकले ते पोलिसांसमोर, तहसीलदारांसमोर मोजावे.